बीएमडब्ल्यू एक्स१ की एक्स३? बेळगावच्या वापरासाठी मोठ्या गाडीचे जादा पैसे द्यावेत का?

उद्यमबागवाला (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. उद्यमबागेत माझे छोटे मशीन शॉप आहे आणि घर शहापुरातल्या जुन्या गल्लीत. सध्याची सेडान बदलायची असून विचार बीएमडब्ल्यूच्या दोन डिझेल गाड्यांपाशी येऊन थांबला आहे: एक्स१ (एसड्राइव्ह १८डी) आणि एक्स३ (एक्सड्राइव्ह २०डी). सध्याच्या पिढीची एक्स१ डिझेल जानेवारी २०२३ मध्ये आली तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत ४७.९० लाख होती. नवी एक्स३ डिझेल जानेवारी २०२५ मध्ये ७७.८० लाखांना आली. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीची रचना बदलली आणि हे आकडे हलले, तरीही माझ्या हातातल्या दोन कोटेशनांमध्ये ऑन-रोड फरक पंचवीस लाखांहून अधिक निघतो. तेवढ्यात शॉपमध्ये एक व्हीएमसी (धातू कापणारे संगणकचलित मशीन) उभी राहील, असे वडील रोज जेवताना ऐकवतात.

रोजचा वापर घर ते उद्यमबाग एवढाच. ग्राहकांमुळे पुण्याला वरचेवर जावे लागते, नातेवाईक सावंतवाडीला असल्याने आंबोलीचा रस्ता नेहमीचा, आणि कधी चोर्ल्यातून गोवा. मागच्या सीटवर बहुधा आई-वडील आणि मुलगा असतात. आईचे गुडघे दुखतात. गाडी मीच चालवतो. एवढ्या वापराला एक्स१ पुरेल, की पाच वर्षांनी 'मोठीच घ्यायला हवी होती' असे वाटेल?

टिळकवाडीकर

मी याच पिढीची एक्स१ डिझेल वापरतो, तेव्हा माझे मत थोडे तिच्या बाजूला झुकलेले आहे हे आधीच सांगून ठेवतो. एक्स१ची लांबी ४,५०० मिमी आणि रुंदी १,८४५ मिमी, तर एक्स३ची अनुक्रमे ४,७५५ आणि १,९२० मिमी. रुंदीतला फरक जेमतेम चार बोटांचा. शहापूर किंवा खडेबाजाराच्या बाजूला दोन्हीकडे दुचाक्या लागलेल्या गल्लीत समोरून टेम्पो आला, की ती चार बोटे कुठे जातात हे कळते. गणपतीत मंडप पडल्यावर तर विचारूच नका.

मात्र मागच्या सीटबद्दल खरे ते सांगायला हवे. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर एक्स१मध्ये २,६९२ मिमी आहे आणि एक्स३मध्ये २,८६५ मिमी, आणि या सतरा सेंटीमीटरांपैकी बराच भाग मागे बसणाऱ्यांच्या वाट्याला येतो. एक्स१मध्ये गुडघ्यांना जागा कमी नाही, पण सीटचा आधार मांड्यांना पूर्ण मिळत नाही. कोल्हापूरपर्यंत कोणाची तक्रार नसते. पुण्याला पोहोचेपर्यंत माझे वडील दोनदा पाय मोकळे करायला उतरतात. इंजिनाबद्दल काळजी करू नये. १५० अश्वशक्ती आणि ३६० न्यूटन-मीटर टॉर्क या भागातल्या कोणत्याही घाटाला पुरतो.

निपाणीची डॉक्टर

माझ्याकडे एक्स३ आहे आणि मीही स्वतःच चालवते. दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या असल्या तरी त्यांची घडण वेगळी आहे, आणि शोरूममध्ये हे कोणी फारसे समजावून सांगत नाही. एक्स१ची बांधणी मुळात पुढची चाके ओढणाऱ्या गाडीची आहे आणि तिचा गिअरबॉक्स सात टप्प्यांचा ड्युअल क्लच प्रकारचा आहे. एक्स३मध्ये चारही चाकांना ताकद मिळते आणि आठ टप्प्यांचा टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्स आहे, जो संथ वाहतुकीत अधिक मऊ चालतो. तवंदी घाटात ट्रकांच्या मागे रांगत चढताना मला हा फरक पॉवरच्या आकड्यांपेक्षा (१९७ अश्वशक्ती, ४०० न्यूटन-मीटर) जास्त जाणवतो. पावसाळ्यात आंबोलीकडून जाताना चार चाकांच्या पकडीमुळे मन निर्धास्त असते, हेही माझ्या मते पैशात धरायला हवे.

आईच्या गुडघ्यांसाठी उंच गाडी चांगली, असे सरसकट समजू नका. सीट फार खाली असली तर उठताना गुडघ्यावर भार येतो, फार वर असली तर चढताना येतो. सीटची कड उभ्या माणसाच्या मांडीच्या वरच्या भागाशी आली, की कंबर टेकवून सरळ वळून बसता येते. कोणत्या गाडीत हे जमते ते आईंची उंची ठरवील, ब्रोशर नव्हे.

वडगाव गॅरेज

डॉक्टरांच्या एका मुद्द्यावर नम्रपणे असहमत आहे. चारही चाकांना ताकद मिळण्याचा उपयोग गाडी पुढे रेटताना होतो, थांबवताना नाही. ब्रेक दोन्ही गाड्यांना चारही चाकांवर असतातच, आणि ओल्या डांबरावर गाडी किती अंतरात थांबेल हे बहुतांशी टायर ठरवतो. कायद्याने टायरची नक्षी १.६ मिमीपर्यंत चालते, पण कणकुंबी-आंबोलीच्या पावसात ३ मिमीच्या खाली गेलेला टायर मी स्वतःच्या गाडीला ठेवणार नाही. शेतातला चिखल, मळीची वाट, निसरडा चढ यांसाठी एक्स३ची यंत्रणा खरोखर कामाची आहे. तुमच्या वापरात तसे काही दिसत नाही.

मला खरी काळजी वेगळीच वाटते, ती शहापूर ते उद्यमबाग या रोजच्या छोट्या फेरीची. आजच्या डिझेल गाड्यांमध्ये धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळून टाकायला धूर पुरेसा तापावा लागतो, आणि त्यासाठी गाडी हायवेवर सलग वीस-पंचवीस मिनिटे एका वेगाने धावावी लागते. रोज दहा मिनिटे चालवून बंद केली, तर काजळी साठत जाते, जाळण्याची क्रिया अर्धवट राहते आणि शेवटी डॅशबोर्डवर दिवा लागतो. त्यामुळे ज्या आठवड्यात पुणे नसेल त्या आठवड्यात हत्तरगीपर्यंत तरी एक फेरी मारा. अ‍ॅडब्लू (धूर स्वच्छ करण्यासाठी लागणारे युरियाचे द्रव) दोन्ही गाड्यांना लागते. त्याची टाकी रिकामी होऊ दिली तर इंजिन पुन्हा सुरू होत नाही. आणि डिकी उघडून स्टेपनी आहे की नाही, असल्यास कोणत्या मापाची, हे पैसे भरण्याआधी बघा. रात्री चोर्ल्यात पंक्चर झाल्यावर बघण्याची ती गोष्ट नव्हे.

हिशोबनीस

मी सनदी लेखापाल असल्याने गाडीपेक्षा कागद बघतो. 'पंचवीस लाखांचा फरक' हा सगळा गाडीचा नाही. कर्नाटकात वीस लाखांवरील खासगी मोटारीला एक्स-शोरूम किमतीच्या १८ टक्के आजीवन कर लागतो, वर त्या करावर उपकर. म्हणजे किमतीतल्या प्रत्येक दहा लाखांच्या फरकामागे एक लाख ऐंशी हजारांहून अधिक रक्कम नुसत्या पासिंगला जाते, आणि गाडी विकताना ती कोणी वेगळी मोजून देत नाही. दहा लाखांवरील गाडीवर विक्रेता १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा केलेला आयकर) घेतो. ती रक्कम मात्र विवरणपत्रात वळती करून घेता येते, म्हणून तिला खर्चात धरू नये.

गाडी फर्मच्या नावावर घेण्याचा विचार असेल तर एक गैरसमज आधीच दूर करतो. अशा प्रवासी मोटारीवर भरलेल्या ४० टक्के जीएसटीचे इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेला कर आपल्या देय करातून वजा करण्याची सोय) तुमच्यासारख्या उत्पादकाला मिळत नाही. घसारा मिळतो, साधारणतः घटत्या किमतीवर १५ टक्के, आणि पहिल्या वर्षी गाडी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली गेली असेल तर त्याच्या निम्मा. व्हीएमसीवरचा जीएसटी मात्र क्रेडिटमध्ये पूर्ण मिळतो, त्यामुळे वडिलांची तुलना वाटते तितकी भाबडी नाही.

विम्याचे थोडक्यात. तृतीय पक्ष विम्याचा हप्ता इंजिनाच्या घनक्षमतेवर ठरतो आणि दोन्ही डिझेल इंजिने १,९९५ सीसीची असल्याने तो सारखाच येईल. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता किमतीबरोबर वाढतो, आणि तो दरवर्षी भरायचा असतो.

उद्यमबागवाला

सर्वांचे आभार. डीपीएफचा मुद्दा मला कोणीच सांगितला नव्हता. हिशोबनीस साहेब, एक सरळ प्रश्न विचारतो. चंदगड तालुक्यात सासरचे घर आहे, बेळगावहून तासाभराच्या आत. तिथल्या पत्त्यावर एमएच-०९ (कोल्हापूर) पासिंग केले तर महाराष्ट्रात वीस लाखांवरील डिझेल गाडीला १५ टक्के कर आहे. फरक लहान नाही.

हिशोबनीस

हा प्रश्न आपल्या भागात दर दोन घरांमागे एक जण विचारतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवली, तर तिथे नव्याने नोंदणी करावी लागते. तुमचे घर शहापुरात, शॉप उद्यमबागेत आणि गाडी रोज तिथेच उभी. ती चंदगडला राहते हे कोणाला पटवून देणार? एकदा अडवले की इथला कर भरायचा आणि तिथला परत मिळवण्यासाठी एनओसी घेऊन कोल्हापूरला खेटे घालायचे. त्यातच सीमाप्रश्न तापला की परक्या पासिंगच्या गाड्यांवर कोणाचा राग निघेल हे सांगता येत नाही, आणि हा अनुभव दोन्ही बाजूंच्या लोकांना आहे. बेळगावचे केए-२२ पासिंग घ्या आणि शांत झोपा.

कँपातला

कोणी विचारले नाही, तरी तिसरा पर्याय सुचवतो. एक्स१चीच विजेवर चालणारी लांब आवृत्ती, आयएक्स१ लाँग व्हीलबेस, जानेवारी २०२५ मध्ये ४९ लाखांना आली. चाकांमधले अंतर २,८०० मिमी, म्हणजे मागे बसणाऱ्यांची सोय एक्स३च्या बरीच जवळ जाते, आणि रोजच्या छोट्या फेरीत काजळीचा प्रश्नच उरत नाही. जीएसटी ५ टक्के, आणि २५ लाखांवरील ई-वाहनांवर कर्नाटकाने २०२४ मध्ये बसवलेला आजीवन कर १० टक्के.

उद्यमबागवाला

पर्याय चांगला आहे, पण पुण्याला पोहोचून त्याच दिवशी परत फिरण्याची वेळ माझ्यावर अनेकदा येते आणि वाटेत चार्जिंगसाठी थांबणे मला जमणार नाही. त्यामुळे डिझेलच. कल आता एक्स१कडे आहे. अडते ते फक्त आईच्या बसण्यापाशी.

निपाणीची डॉक्टर

मग शोरूमवाल्यांना दोन्ही गाड्या एकाच दिवशी मागा आणि स्वतः चालवण्याच्या मोहात न पडता आईंच्या शेजारी मागे बसा. गावातली चक्कर उपयोगाची नाही. हायवेवर किमान पाऊण तास जाऊ द्या, कारण मांड्यांचा त्रास पहिल्या दहा मिनिटांत कळत नाही. वाटेत त्यांना दोनदा उतरून चढायला लावा, आणि त्यांनी नेहमी नेसतात ती साडीच नेसावी. एक्स१मध्ये त्यांना अवघडले नाही तर मी स्वतः एक्स३ची मालक असूनही तुम्हाला एक्स१च घ्यायला सांगेन. अवघडले, तर नव्या एक्स३ऐवजी दोन-तीन वर्षे वापरलेली, सर्व्हिसच्या पूर्ण नोंदी असलेली एक्स३ बघा. ती मागच्या पिढीची असेल, पण पहिल्या मालकाने सोसलेली घट तुमच्या बाजूने येते. आणि त्याआधी टेप घेऊन घराच्या फाटकाची रुंदी आरसे उघडे धरून मोजा. १,९२० मिमीत आरसे धरलेले नाहीत.