आकड्यांचे रंग आणि मिक्सरचा आवाज
आकडे रंगीत दिसतात, मिक्सरचा आवाज सहन होत नाही, ऑनलाइन टेस्टही दिली, तर मला ऑटिझम आहे का, असं तुम्ही विचारलंत; पण आकड्यांचे रंग आणि आवाजाचा त्रास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हो. पहिली म्हणजे सिनेस्थेशिया (एका संवेदनेसोबत आपोआप दुसरीही जाणवणं), तो ऑटिझम नसलेल्यांनाही असतो, पण २०१३ मध्ये केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन यांच्या टीमने बघितलं तर ऑटिस्टिक प्रौढांत जवळपास १९ टक्के निघाला आणि इतरांत ७, म्हणजे संबंध आहे पण बहुतेकांना नव्हताच की. आवाजाचा त्रास, शर्टाचं लेबल टोचणं वगैरे मात्र त्याच वर्षीच्या डीएसएम-५ मध्ये (मानसिक निदानासाठी डॉक्टर वापरतात ते अमेरिकन पुस्तक) ऑटिझमच्या निकषांत घेतलंय, तरी नुसत्या तेवढ्यावर निदान होत नाही, लोकांशी वागण्या-बोलण्यातल्या अडचणीही लहानपणापासून असाव्या लागतात. (मायग्रेनवाल्यांनाही आवाज नकोसा होतो.) त्यामुळे ऑनलाइन टेस्टच्या स्कोअरपेक्षा आईला विचारा लहानपणी कसे होतात ते, डॉक्टरही तेच विचारतील.