अथेन्सहून सँटोरिनीला विमान की बोट? आज रात्रीपर्यंत ठरवायचंय

कोथरूडकरीण:
नमस्कार, जरा पटकन मदत हवी आहे. अथेन्सहून सँटोरिनीला जायचंय, आम्ही चौघं. हॉटेल बुक झालंय, रद्द केलं तर पैसे परत नाहीत. फक्त मधला प्रवास राहिलाय आणि तीन दिवस झाले घरात ह्याच्यावरूनच वाद चाललाय, नवरा म्हणतो बोट आणि मी म्हणते विमान. विमानाला पाऊण तास, पण बोटीला कुठे पाच तास लिहिलंय कुठे आठ, एकाच मार्गाला एवढा फरक कसा? त्यात पिरेयस आणि राफिना अशी दोन दोन बंदरं दिसतायत. तिकिटं रोज वर चाललीयेत. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा प्लीज, यूट्यूबच्या लिंका नकोत, त्या सगळ्या बघून झाल्या.

टेकडीवरचा:
बोट. डोळे मिटून बोट. सँटोरिनी म्हणजे अख्खा ज्वालामुखी आहे, मधला भाग खचून समुद्रात गेला आणि कडेचा काठ उरला, त्या काठावर गावं. बोट त्या खचलेल्या भागात, म्हणजे काल्डेरात शिरते आणि दोन्ही बाजूंनी काळे-तांबडे कडे वर चढत जातात, त्यांच्या माथ्यावर पांढरी घरं. मी डेकवर उभा होतो, आजूबाजूचे सगळे गप्प झाले होते. विमानात खिडकी मिळाली तर दोन मिनिटं दिसेल, नाहीतर तेही नाही.

शेवंती:
कुठला महिना? चौघं म्हणजे कोण, मुलं आहेत का लहान? हे कळल्याशिवाय काय सांगणार.

कोथरूडकरीण:
ऑगस्टचा दुसरा आठवडा. आम्ही दोघं आणि सासू-सासरे. चार मोठ्या बॅगा.

म्यूनिकचा_गिरगावकर:
वेळेच्या फरकाचं कारण सोपं आहे, दोन वेगवेगळ्या जातीच्या बोटी आहेत. एक मोठं जहाज, ब्लू स्टारचं वगैरे, ते पिरेयसहून सकाळी साडेसातच्या सुमारास सुटतं, पॅरोस, नॅक्सॉस घेत घेत साधारण आठ तासांत पोहोचतं. दुसरी वेगवान कॅटामरान, ती पाच तासांच्या आसपास, भाडं जवळपास दीड-दोन पट. वेगवान बोटीत बाहेर उभं राहायला डेक बहुतेक नसतोच, बंद काचांच्या आत बसून राहायचं, त्यामुळे टेकडीवरचा म्हणतायत ते दृश्य हवं असेल तर मोठं जहाजच. राफिना विमानतळाला जवळ, पिरेयस शहराला जवळ. तुम्ही विमानतळावरून थेट बंदरावर जाताय की मध्ये अथेन्सला राहताय? हे सांगितलंच नाहीत.

फिरस्ती_७१:
विमान घ्या हो, ऑगस्टच्या उन्हात म्हातारी माणसं घेऊन बंदरावर कशाला उभं राहायचं. आम्ही दोन्ही वेळा विमानाने गेलो, चहा पिऊन होईस्तोवर उतरलो. फक्त बॅगेचं बघा, स्वस्त तिकिटात मोठी बॅग धरलेली नसते, चार बॅगांचे पैसे वेगळे भरले की बोट आणि विमानातला फरक उरतच नाही.

अनिकेत_ठाणे:
व्हिसाची अपॉइंटमेंट घेतलीत का? शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि कमीत कमी १५ दिवस आधी करावा लागतो. शिवाय सगळ्यात जास्त दिवस ज्या देशात राहणार त्या देशाकडेच अर्ज करायचा, लोक इथेच चुकतात.

कोथरूडकरीण:
व्हिसा झालाय, तो प्रश्नच नाहीये. @गिरगावकर ९ तारखेला दुपारी दीडला अथेन्सला उतरतो, त्या रात्री तिथेच सिंटाग्माजवळ मुक्काम, १० ते १६ सँटोरिनी.

जहाजी_रत्नागिरी:
मी २६ वर्षं बोटीवर काढली, त्यातली बरीचशी ग्रीक मालकांच्या जहाजांवर, जॉइन व्हायला पिरेयसला किती वेळा गेलोय त्याची गणती नाही. दोन गोष्टी विचारतो, त्या कळल्या की सांगतो. एक, चौघांपैकी कुणाला बोट लागते का. दोन, १६ तारखेला सँटोरिनीहून निघाल्यावर पुढे काय, भारताचं विमान कधी आहे?

कोथरूडकरीण:
सासूबाईंना गाडी लागते, महाबळेश्वरला जाताना पुढच्या सीटवर बसवावं लागतं. बोटीचं माहीत नाही, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला एकदा गेल्या होत्या तेव्हा काही झालं नव्हतं म्हणे. परतीचं विमान १६ लाच आहे, रात्री दहाला, दुबईमार्गे. त्याने काय फरक पडतो? बोट संध्याकाळी पाचला पोहोचते, बघितलंय मी.

शेवंती:
अगं बाई, हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं ना!!

जहाजी_रत्नागिरी:
फरक सगळा त्यानेच पडतो ताई. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रात उत्तरेकडून वारा सुटतो, त्याला मेल्टेमी म्हणतात. आकाश निळंभोर, पावसाचा थेंब नाही, पण वारा असा की टेबलावरची थाळी उडेल, आणि तो कधीकधी सलग तीन-चार दिवस थांबत नाही. जोर फार वाढला की तिथलं कोस्टगार्ड बोटी बंदरातच थांबवून ठेवतं, वेगवान बोटींवर बंदी आधी येते, मोठ्या जहाजांवर बरीच नंतर. बंदी आली तर तिकिटाचे पैसे मिळतील किंवा पुढच्या बोटीत बसवतील, पण तुमचं दुबईचं विमान त्यासाठी थांबणार नाही आणि ते पैसे बोटवाला देणार नाही.

आता दिशा बघा. अथेन्सहून सँटोरिनी दक्षिणेला, म्हणजे जाताना वारा आणि लाटा पाठीमागून. येताना तोच वारा समोरून, बोट लाटांवर आपटत येते. कॅटामरान हलकी आणि वेगात, तिला ते आपटणं जास्त जाणवतं. मोठं जहाज सुमारे १४५ मीटर लांब, खाली दोन बाजूंना पंखासारखे स्टॅबिलायझर असतात, ते डोलणं बरंच कमी करतात. रेवसची लाँच आणि हे, तुलनाच नाही.

म्हणून माझं मत : १० ला जाताना मोठं जहाज, १६ ला येताना विमान, तेही दुपारपर्यंतचं. जाताना दोन तास उशीर झाला तर फक्त दोन तास गेले. येताना उशीर झाला तर चार तिकिटं गेली.

टेकडीवरचा:
काकांनी मुद्दा लाख मोलाचा सांगितला. येतानाचं माझं मत मागे घेतो, जातानाचं नाही.

फिरस्ती_७१:
मग जातानाही विमानच का नको? आठ तास म्हणजे पुणे-नागपूर निम्म्याहून जास्त झालं. गाडी लागणाऱ्या बाईला आठ तास समुद्रात बसवायचं आणि म्हणायचं दृश्य बघा.

जहाजी_रत्नागिरी:
मोठ्या जहाजात हॉटेलसारखी मोकळी जागा असते, चालता येतं, बाहेर वाऱ्यावर उभं राहता येतं. गाडी लागणाऱ्या कित्येकांना जहाज लागत नाही. जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर, क्षितिज दिसेल अशा जागी बसवा, नाकाच्या बाजूला नको. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून निघायच्या आधी घ्या, उलटी सुरू झाल्यावर उपयोग नाही. आणि विमान वाऱ्यात उशीर करत नाही असं थोडंच आहे.

फिरस्ती_७१:
करतं, पण पाऊण तासात सुटका होते. मी म्हणतोय ते सोयीचं म्हणतोय, तुम्ही समुद्रावर आयुष्य काढलंत तुम्हाला नाही कळणार सामान्य माणसाला काय होतं ते.

जहाजी_रत्नागिरी:
पहिल्या वर्षी मलाही रोज बोट लागायची. म्हणूनच सांगतोय.

गच्चीवरची_बाग:
माझं ऐका, सँटोरिनीत सहा दिवस म्हणजे फार झाले, दोन दिवस नॅक्सॉसला द्या. तुमचं जहाज तिथे थांबणारच आहे. बंदरात शिरतानाच अपोलोच्या अपुऱ्या राहिलेल्या देवळाचा संगमरवरी दरवाजा दिसतो, पोर्टारा म्हणतात, आम्ही तिथे रोज संध्याकाळी जायचो. वाळूचे किनारे, डोंगरातली गावं, गर्दी निम्मी, खर्च निम्मा.

कोथरूडकरीण:
हॉटेल रद्द होत नाही लिहिलंय वर. नॅक्सॉस नको.

गच्चीवरची_बाग:
बरं. पण पुढच्या वेळी नक्की.

सह्याद्री_भटक्या:
तिथे भूकंप झाले होते ना? लोक पळून गेले होते बेट सोडून, तिथे आता वयस्कर माणसांना न्यायचं का?

म्यूनिकचा_गिरगावकर:
ते २०२५ च्या फेब्रुवारीतलं. सँटोरिनी आणि अमोर्गोस बेटांच्या मधल्या समुद्रात हजारो धक्के बसले, सगळ्यात मोठा ५.३ चा, ११ हजारांहून जास्त लोक बोटींनी आणि विमानांनी बाहेर पडले होते. पुढे धक्के कमी होत गेले, लोक परत आले. मोठा विध्वंस १९५६ च्या भूकंपात झाला होता. पण धाग्याचा विषय हा नाहीये, मूळ प्रश्नाकडे या.

एक महत्त्वाचं राहतंय. १५ ऑगस्ट हा ग्रीसमधला मेरीमातेचा मोठा सण, अख्खं अथेन्स बेटांवर आणि गावाकडे जातं. गणपतीच्या आधी कोकणात जाणाऱ्या गाड्यांची जी अवस्था असते तीच तिथे त्या आठवड्यात बोटींची. १६ चं विमान आज काढा, १० चं जहाजही आजच.

शेवंती:
+१. आम्ही असंच उद्या काढू उद्या काढू करत बसलो, शेवटी एका वेगवान बोटीची तिकिटं मिळाली, ती वाऱ्यामुळे सुटलीच नाही आणि आमची एक रात्र पिरेयसच्या लॉजमध्ये गेली. सोबत आई होती, फार वाईट वाटलं तिच्यासाठी.

कोथरूडकरीण:
ठीके, नवऱ्याला दाखवलं सगळं, जाताना जहाज आणि येताना विमान ह्यावर दोघांचंही एकमत झालं, तो खूश आहे बोट मिळाली म्हणून. आता सांगा सिंटाग्माहून पिरेयसला कसं जायचं आणि जहाजात सामान चढवायचं कसं? सासऱ्यांचं मागच्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, जास्त वेळ उभं राहता येत नाही.

म्यूनिकचा_गिरगावकर:
मेट्रोची निळी लाइन २०२२ पासून थेट पिरेयसपर्यंत जाते, सिंटाग्माहून गाडी न बदलता. पण चार बॅगा आणि गुडघा म्हणताय तर पहाटे टॅक्सीच करा. बंदर प्रचंड मोठं आहे, दरवाज्यांना ई १, ई २ असे नंबर आहेत, तुमचा कुठला ते तिकिटावर किंवा आदल्या दिवशीच्या मेसेजमध्ये बघा आणि ड्रायव्हरला तोच नंबर सांगा. चुकीच्या दरवाज्याला उतरलात तर उन्हात लांब चालावं लागेल. तास आधी पोहोचा.

जहाजी_रत्नागिरी:
चढायचं जिथून मोटारी चढतात तिथूनच. आत शिरल्याबरोबर सामानाचे रॅक आहेत, त्यांच्यावर बेटाचं नाव असतं, सँटोरिनीच्या रॅकवर बॅगा ठेवा, औषधं आणि पासपोर्ट मात्र हातातल्या पिशवीत. मग एस्कलेटरने वर, नसला तर लिफ्ट मागा. साधं तिकीट काढू नका, नंबरची सीट काढा, जमलं तर चौघांची केबिन, आई-बाबांना आडवं होता येईल. उतरायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी घोषणा होते, सगळे खाली गॅरेजमध्ये गर्दी करतात, रॅम्प पडला की पाच-दहा मिनिटांत सगळं रिकामं. सासऱ्यांना गर्दीच्या पुढे न्या, तुमचे मिस्टर बॅगा आणतील.

टेकडीवरचा:
उतरता ते अथिनिओस बंदर, कड्याच्या पायथ्याशी. वर जायला नागमोडी रस्ता आहे, आपल्या कुंभार्ली घाटासारखी वळणं, पण दहा-पंधरा मिनिटांत वर. सासूबाईंना तिथेही पुढे बसवा. हॉटेलला सांगून गाडी आधीच ठरवा, बेटावर टॅक्सी मोजक्याच आहेत.

फिरस्ती_७१:
माझं मत बदललेलं नाही, पण केबिन घेत असाल तर ठीक. आणि शाकाहारी असाल तर तिथला फावा खा, पिवळ्या डाळीचं असतं, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल, आमच्या हिला घट्ट वरणाची आठवण झाली. टोमॅटोची भजीपण मिळतात.

शेवंती:
हॉटेल नक्की कुठे आहे गं? ओइया किंवा फिराच्या कड्यावरचं असेल तर रस्ता वरच संपतो आणि खोलीपर्यंत पायऱ्या उतरायच्या असतात, कधीकधी शंभर-दीडशे. गुडघ्याचं म्हणालीस म्हणून विचारतेय.

कोथरूडकरीण:
ओइया. कड्यावरचंच आहे. फोटोत पायऱ्या दिसतायत आता नीट बघितलं तर, मी फक्त पूल बघत होते. हॉटेलला मेल टाकलाय, वरच्या मजल्यावरची, रस्त्याजवळची खोली बदलून मिळेल का विचारलंय. जहाजाची केबिन मिळाली, विमानाची दुपारी बाराची चार तिकिटं काढली, बॅगांसकट. हॉटेलचं उत्तर आलं की लिहिते इथेच.