गर्बरची झिप पाठवणं आपण कधी थांबवणार?

थरावरथर
मागच्या महिन्यात आमचे चाळीस सर्किट बोर्ड भंगारात गेले, म्हणून हा धागा. गर्बर म्हणजे बोर्डच्या एकेका थराचं चित्र देणारी फाइल; अशा फाइलींची झिप आपण बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याला, म्हणजे फॅबला, पाठवतो.

चार लेयरचा साधा बोर्ड. वर सिग्नल, खाली ग्राउंड, मग पॉवर, तळाला परत सिग्नल. आतल्या दोन फाइलींच्या नावांवरून कुठली दुसरी आणि कुठली तिसरी हे कळत नव्हतं. क्रम रीडमीमध्ये लिहिला होता, तो फॅबमध्ये कुणी उघडला नाही. ग्राउंडच्या जागी पॉवर बसला.

गंमत म्हणजे बोर्ड चालू झाला! सगळे व्हाया (थर जोडणारी भोकं) आरपार, त्यामुळे जोडण्या जशाच्या तशा. बेअर बोर्डची इलेक्ट्रिकल टेस्टही पास. पण वरच्या इथरनेटच्या जोड्या आता तुकडे पाडलेल्या पॉवर प्लेनवरून (पॉवरच्या तांब्याच्या थरावरून) धावत होत्या, अखंड ग्राउंडवरून नाही. ईएमआयच्या (विद्युतचुंबकीय गोंगाटाच्या) चाचणीत बोंब झाली, आणि कारण सापडेपर्यंत तीन आठवडे गेले.

माझं म्हणणं सरळ आहे. तांब्याची चित्रं वेगळी, ड्रिल वेगळं, नेटलिस्ट (कुठली पिन कशाला जोडायची ती यादी) वेगळी, स्टॅकअपची (थरांचा क्रम आणि जाडी) पीडीएफ वेगळी, आणि हे सगळं समोरच्याने अंदाजाने जुळवायचं, हा प्रकार बंद करा. आयपीसी-२५८१ ही एकच एक्सएमएल फाइल आहे. लेयरचा क्रम, मटेरियलची जाडी, नेट (जोडण्या), भोकं, पार्ट सगळं त्यात. २००४ साली आलेलं स्टँडर्ड आहे, कुणा एका कंपनीच्या मालकीचं नाही. कायकॅडसारखं बोर्ड डिझाइनचं फुकट सॉफ्टवेअरही २०२४ पासून ते काढून देतं. मग अडलंय कुठे?

भोसरीची_भट्टी
अडलंय तुमच्या टेबलावर. 😄

मी फॅबमध्ये कॅमला बसतो, म्हणजे आलेल्या फाइली तपासून मशीनसाठी तयार करतो, बारा वर्षं झाली. तुमच्या नुकसानीचं वाईट वाटलं, पण एक विचारतो: गर्बर काढताना एक्स-टू (गर्बरची पुढची आवृत्ती) काढली होती का? २०१४ मध्ये आली. प्रत्येक फाइलच्या डोक्यावर लिहून येतं, "कॉपर, एल-टू, इनर". बोर्डची कड कुठली, प्लेटेड (आतून तांबं चढवलेली) भोकं कुठली, विदाउट प्लेटिंग कुठली, तेही येतं. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ती एक टिकमार्क आहे फक्त. लावली असती तर हे चाळीस बोर्ड वाचले असते, आणि त्यासाठी नवं स्टँडर्ड लागलं नसतं.

आमच्याकडे काय काय येतं ते ऐका. ड्रिल फाइलला हेडर नाही, मग इंच की मिलिमीटर, शून्यं पुढची खाल्ली की मागची, ते आम्ही पॅडवर भोकं बसतात का बघून ठरवतो. तो घोळ निदान डोळ्यांना दिसतो. माउंटिंगचं भोक प्लेटेड हवं की नको, हे दिसत नाही. विचारायला ईक्यू (शंकांची यादी) पाठवली की उत्तर येतं, "ॲज पर गर्बर". अहो, गर्बरमध्ये असतं तर विचारलं असतं का?

हाच माणूस उद्या २५८१ पाठवेल तेव्हा त्यात स्टॅकअप भरलेला असेल, यावर माझा विश्वास नाही. सॉफ्टवेअरमध्ये जाडीचा रकाना रिकामा सोडला की एक्सएमएलमध्येही तो रिकामाच येणार.

थरावरथर
टिकमार्क नव्हती, कबूल. आमचं आउटपुट टेम्पलेट जुनं आहे, माझ्या आधीच्या माणसाने केलेलं. पण एक्स-टू असती तरी तुमच्या त्या फॅबबंधूंनी ते वाचलं असतं? कॅममध्ये फाइल ओढताना लेयरचा क्रम हाताने लावायची सवय तर तुमच्यातही आहे.

भोसरीची_भट्टी
आहे. नाकारत नाही.

जुना_फिल्मवाला
पोरांनो, गर्बरला दोष देण्याआधी ती जन्मली कशासाठी ते बघा. जोसेफ गर्बर हा व्हिएन्नात जन्मलेला माणूस, नाझींच्या तावडीतून सुटून १९४० मध्ये अमेरिकेत गेला आणि पुढे कनेटिकटमध्ये कंपनी काढली. तिच्या फोटोप्लॉटरला चालवायची ही भाषा. डी-०१ म्हणजे दिवा चालू ठेवून सरक, डी-०२ म्हणजे दिवा बंद करून सरक, डी-०३ म्हणजे एका जागी चमकव. दिव्यापुढे चाक, चाकात निरनिराळ्या आकारांची भोकं. अंधाऱ्या खोलीत फिल्मवर चित्र उमटायचं. दिव्याला नेट म्हणजे काय, लेयर म्हणजे काय, कशाला ठाऊक असणार?

आमच्या काळात त्या चाकाची यादीसुद्धा वेगळ्या कागदावर यायची. यादी चुकली की दहा मिलच्या (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ट्रॅकऐवजी पन्नास मिलचा पट्टा. एक्सटेंडेड गर्बर आली, यादी फाइलच्या पोटात गेली, तेव्हा आम्ही पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. आजही कुणीतरी ती जुनी, यादी वेगळी असलेली २७४-डी पाठवतो असं ऐकतो. त्याला मात्र कोपऱ्यापासून नमस्कार.

सेम_सेव्हन
आम्ही प्रोजेक्टसाठी दोन लेयरचे पाच बोर्ड मागवतो. वेबसाइटवर गर्बरची झिप टाकली की चित्र दिसतं, पैसे भरले की झालं. दोन लेयरमध्ये चुकणार काय? वर आणि खाली.

भोसरीची_भट्टी
तळाची बाजू मिरर करून पाठव एकदा, मग कळेल.

स्टेन्सिलताई
तुम्ही सगळे नुसत्या कोऱ्या बोर्डाबद्दल भांडताय. बोर्डावर पार्ट बसवायचे असतात हो! मी एसएमटी लाइन (बोर्डावर पार्ट बसवणारी मशीनं) बघते. गर्बरवाल्या गिऱ्हाइकाकडून मला मिळतं काय: सोल्डर पेस्टची गर्बर, पार्टच्या जागांची सीएसव्ही आणि एक्सेलमध्ये बीओएम (पार्टची यादी). सीएसव्हीत लिहिलेलं असतं डायोड ९० अंश. कशापासून ९०? लायब्ररी बनवणाऱ्याने शून्य कुठे धरलं ते त्याला आणि देवालाच माहीत. मग सिल्कस्क्रीन (बोर्डावर छापलेल्या खुणा) बघून एकेक पार्ट मशीनवर फिरवत बसायचं.

ओडीबी प्लस प्लस (सगळं एकत्र देणारा दुसरा फॉरमॅट) आली की पार्ट, त्याची पिन एक, तिच्याखालचं पॅड, सगळं एकत्र दिसतं. मशीनचा प्रोग्रॅम करायला जिथे एक दिवस जातो तिथे दुपारच्या चहाआधी उठते मी. गर्बरची एक्स-थ्री २०२० मध्ये आली, तिच्यात पार्टची माहिती असते म्हणे. मला आजवर एकाही गिऱ्हाइकाने पाठवलेली नाही.

तेव्हा मूळ लेखकांशी मी निम्मी सहमत आहे. एक फाइल हवीच. पण २५८१ कशाला? चालतंय ते वापरा की.

थरावरथर
ताई, ओडीबीला माझा विरोध चालण्यावरून नाही, मालकीवरून आहे. इस्रायलच्या व्हॅलॉरने बनवली. २०१० मध्ये व्हॅलॉर मेंटर या डिझाइन सॉफ्टवेअरच्या कंपनीने घेतली, २०१७ मध्ये मेंटरला सीमेन्सने. आज त्यांनी स्पेसिफिकेशन खुलं ठेवलंय, ठीक. पण मेंटर आली तेव्हा तिच्या स्पर्धकांना घाम फुटला होता, आणि २०११ मध्ये २५८१ साठी कंपन्यांचं कन्सोर्शियम उभं राहिलं ते उगाच नाही. दुसऱ्याच्या विहिरीवर आपला मळा किती दिवस भिजवायचा?

स्टेन्सिलताई
गर्बर तरी कुणाची आहे? बेल्जियमच्या उकॅम्को कंपनीची. तिथे तुम्हाला विहीर आठवली नाही. कायकॅडने २०२५ मध्ये ओडीबीही दिली, म्हणजे तेही दार उघडलंय.

गुपचूप_डिझायनर
मला चार चित्रंच द्यायची आहेत. नेटांची नावं, पार्ट नंबर सगळं फॅबला दिलं तर डिझाइन उघडं नाही का पडत? आमच्या एका नेटचं नाव वाचूनच सर्किट कळतं.

थरावरथर
२५८१ मध्ये फक्त फॅब्रिकेशनपुरता भाग काढता येतो. बीओएम मागे ठेवा. नेटांची नावं बदलून द्या.

भोसरीची_भट्टी
आणि मग मी नेटलिस्ट जुळवून शॉर्ट सापडला की कुठल्या नेटवर ते तुम्हाला कसं सांगू? "एन-४७" म्हणून? बरं, सांगतो, चालेल.

२५८१ बद्दल माझा खरा अनुभव लिहितो, कारण इथे कुणीच लिहिलेला नाही. दोन वेळा आली. पहिली उत्तम उघडली, स्टॅकअपसकट. खरं सांगतो, हेवा वाटला. दुसरी सी रिव्हिजनची होती आणि आमचं कॅम बी पर्यंतच वाचतं. उघडली, कुरकुर केली नाही, पण एका प्लेनवरचे थर्मल (पॅडला प्लेनशी जोडणाऱ्या बारीक पट्ट्या) गायब. गर्बर लावून ताडून बघितली म्हणून सापडलं. फाइल उघडलीच नाही तर बरं, अर्धी उघडली तर मेलो. नवं लायसन्स घ्यायला मालक तयार नाहीत, महिन्यातून एक काम येतं त्यासाठी कोण पैसे घालणार? आणि तुम्ही पाठवत नाही, कारण आम्ही वाचत नाही.

जुना_फिल्मवाला
म्हणजे सासू मरेना आणि सूनबाईंचं राज्य येईना.

थरावरथर
भट्टीभाऊ, हा मुद्दा मला लागला. थर्मलची गोष्ट मला ठाऊक नव्हती. मग असं करू: पुढचा सहा लेयरचा बोर्ड २५८१, बी रिव्हिजनमध्ये काढतो. जोडीला एक्स-टू गर्बर आणि जॉब फाइल, म्हणजे स्टॅकअप तिच्यातही आला. कॅममध्ये दोन्ही एकावर एक टाकून फरक सांगाल का? बोर्ड तुमच्याकडेच बनवतो.

भोसरीची_भट्टी
पाठवा. फरकाचे स्क्रीनशॉट इथेच टाकतो, तुमची हरकत नसेल तर. ड्रिल मिलिमीटरमध्ये काढा, आणि रीडमी नको.