मदत हवी आहे: रात्रीचा बॅकअप आपोआप चालत नाही

इंदिरानगरकर: रोज रात्री २ ला बॅकअप लावून ठेवलाय. सकाळी बघावं तर डिस्कवर जुनीच तारीख. हाताने चालवला की व्यवस्थित होतो, म्हणजे सेटिंग बरोबरच आहे. जीएसटीची सगळी कागदपत्रं त्यात आहेत. कृपया नेमकं सांगा, 'रीस्टार्ट करून बघा' नको.

म्हसरूळकर: सॉफ्टवेअर कोणतं? विंडोज १० की ११? लॅपटॉप की डेस्कटॉप? रात्री शटडाउन करता की स्लीपवर ठेवता? यातलं काहीच लिहिलं नाहीत, तर नेमकं काय सांगणार?

पंचवटीवाला: एवढा खटाटोप कशाला? क्लाउडवर फोल्डर सिंकला लावा, विषय संपला.

म्हसरूळकर: नाही संपत. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इथली फाइल चुकून उडवली की तिथलीही उडते.

इंदिरानगरकर: विंडोज ११, लॅपटॉप. वेगळं सॉफ्टवेअर नाही, रोबोकॉपीची (फाइली कॉपी करणारी विंडोजचीच कमांड) बॅच फाइल, म्हणजे कमांड लिहून ठेवलेली फाइल, टास्क शेड्युलरला (ठरल्या वेळी काम चालवणारं विंडोजचं साधन) लावलीय. रात्री चार्जर काढून झाकण लावतो. याचा काय संबंध?

सातपूरकर: सगळा संबंध त्याचाच आहे. टास्कच्या 'कंडिशन्स' टॅबमध्ये 'एसी पॉवर असेल तरच सुरू करा' ही खूण आधीपासूनच लावलेली असते. चार्जर काढलात की टास्क चालणारच नाही. ती काढा. लॅपटॉप स्लीपमधून आपोआप उठावा म्हणून त्याच टॅबमध्ये 'वेक द कॉम्प्युटर'ला खूण करा आणि पॉवर ऑप्शन्समध्ये, स्लीपच्या खाली, 'अलाउ वेक टायमर्स' चालू करा. मग 'सेटिंग्ज' टॅबमध्ये 'वेळ चुकली तर शक्य तितक्या लवकर चालवा' हा पर्याय निवडा. शटडाउन केलेला लॅपटॉप मात्र यातल्या कशानेच उठणार नाही. खरं तर रात्री २ चा आग्रहच सोडा. दुपारी १ ला लावा, तेव्हा लॅपटॉप चालू असतो आणि डिस्क जोडलेली आहे की नाही तेही दिसतं.

गंगापूररोड: व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप घेत असाल तर लक्षात ठेवा, अँड्रॉइडवर तो आता गूगलच्या फुकटच्या १५ जीबीतच मोजला जातो.

इंदिरानगरकर: व्हॉट्सअ‍ॅपचं मी विचारलेलंच नाही. सातपूरकर, दुपारी १ ला लावला, चालला. पण 'लास्ट रन रिझल्ट'मध्ये ०एक्स१ येतंय. म्हणजे फेलच ना?

सातपूरकर: ०एक्स१ म्हणजे १, आणि रोबोकॉपीत १ म्हणजे फाइली नीट कॉपी झाल्या. ० म्हणजे नवीन काही नव्हतं. ८ किंवा त्याहून मोठा आकडा आला तरच काहीतरी राहिलंय, आणि १६ म्हणजे मोठी चूक. बहुतेक वेळा डिस्क सापडलेलीच नसते. यूएसबी डिस्कचं अक्षर ई चं एफ झालं की हेच होतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिला टी सारखं लांबचं अक्षर कायमचं द्या. बॅच फाइलमध्ये /आर:२ /डब्ल्यू:५ घाला, म्हणजे ५-५ सेकंदांनी दोनदाच पुन्हा प्रयत्न होईल. नाहीतर एखादी फाइल उघडी राहिली की रोबोकॉपी दर ३० सेकंदांनी, १० लाख वेळा प्रयत्न करत बसतं.

म्हसरूळकर: तुमच्या बॅच फाइलमध्ये /एमआयआर हा पर्याय आहे का? असेल तर मघाचा सिंकचाच धोका घरात आणलाय. मूळ फोल्डरमधून उडालेलं तो डिस्कवरूनही पुसतो.

पंचवटीवाला: मग क्लाउडला नावं का ठेवलीत? तिथे निदान जुन्या आवृत्त्या तरी मिळतात.

म्हसरूळकर: हे मान्य. पण मुदतीपुरत्याच. /एमआयआरऐवजी /ई वापरला तर काही पुसलं जात नाही, मात्र बदललेली फाइल जुनीवर चढतेच. म्हणून दोन डिस्क आलटून पालटून लावा. काम झालं की काढून ठेवा. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर (फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) तिच्यातल्या फाइलीही कुलूपबंद करतं.

इंदिरानगरकर: /एमआयआर होता. काढून /ई टाकला. आता 'लॉगिन नसतानाही चालवा' निवडलं तर पासवर्ड मागतोय, आणि पिन टाकला तर घेत नाही.

सातपूरकर: तिथे पिन चालत नाही, खात्याचा मूळ पासवर्डच लागतो. दुपारी तुम्ही लॉगिन असताच, तेव्हा तो पर्याय सोडून द्या. आणि आजच डिस्कवरून जीएसटीचा एक फोल्डर दुसरीकडे कॉपी करून फाइली उघडतायत का ते बघा.