मदत हवी आहे : माळवद गळतंय, स्लॅब टाकू का?

आमचा चौकाचा जुना वाडा आहे, निजामाच्या काळातला. माळवद, म्हणजे सागवानी लाकडांवरचं मातीचं सपाट छत, गळतंय. मिस्त्री म्हणतो पाडा, स्लॅब टाका. आई म्हणते सागवानाला हात लावायचा नाही. मृगाच्या आत काम उरकायचंय. लवकर सांगा.

गुलमंडीकर : गाव कोणतं? भिंती दगड-मातीच्या की चुन्यातल्या विटांच्या? गळती मधोमध की भिंतीलगत?

काळी_माती : एवढं काय विचारायचं त्यात! पांढरी माती आणा, अंथरा, धुम्मस करून (ठोकून) ढाळ, म्हणजे उतार, द्या. आमचे आजोबा दर उन्हाळ्यात हेच करायचे.

औसेकर : थरावर थर अजिबात नको. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी भागात भूकंपानं काय झालं ते आम्ही पाहिलंय. वर्षानुवर्षं चढवलेल्या मातीखालीच माणसं गेली. आधी जुनी माती उतरवा.

काळी_माती : माळवदाला दोष देऊ नका. तिथल्या भिंतींत आतले-बाहेरचे दगड एकमेकांत गुंफलेलेच नव्हते, मधे नुसती चिपा-माती.

औसेकर : मान्य. म्हणूनच वरचा भार कमी हवा ना!

वाडेकर_बीड : पी. आर. कार्डावर (मालमत्ता पत्रकावर) कुणाचं नाव आहे? आमचे जुने कागद उर्दूत निघाले, वाटणी अजून अडकलीय. आधी ते बघा.

धागाकर्ती : कागद आईच्या नावावर आहेत, तो प्रश्न नाही. गाव अंबाजोगाई. भिंती दगड-मातीच्या. गळती ओसरीवर, शेजारच्या भिंतीलगत. त्यांनी मजला चढवला तेव्हा त्या बाजूचं पन्हाळ (छतावरचं पाणी बाहेर सोडायची वाट) बुजलं.

वाडेकर_बीड : अंबाजोगाई म्हणजे जुनं मोमिनाबाद. हैदराबाद कंटिन्जंटची, म्हणजे निजामाच्या खर्चानं पोसलेल्या इंग्रजी फौजेची, छावणी होती तिथं!

गुलमंडीकर : अहो ताई, पन्हाळाचं आधी सांगायचं ना! पाणी तिथंच तुंबतंय. ढाळ चौकाकडं फिरवा, नवं पन्हाळ काढा. तुळईचं (छत पेलणाऱ्या आडव्या लाकडाचं) टोक भिंतीत शिरतं तिथं पेचकस टोचून बघा. सहज आत गेला तर लाकूड कुजलंय, तेवढी तुळई बदला. आणि मातीतल्या दगडी भिंतींवर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय स्लॅब टाकूच नका.

काळी_माती : त्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केलाय का? असेल तर खरवडून चुन्याचा करा, ओल आत कोंडते.

धागाकर्ती : हो, आतून सिमेंटच आहे. टोकं उद्या तपासून फोटो टाकते. चुन्याचं काम येणारा गवंडी लातूर-अंबाजोगाईकडं कुणाच्या माहितीत आहे का?