शब्दचर्चा : जमिनीची ‘उचल’, ‘उभारी’ की ‘भरून येणं’?

नववी-दहावीच्या मुलांसाठी एक लेख लिहिते आहे. ध्रुवांकडची जमीन वर-खाली होते ती उपग्रहांच्या मदतीनं कशी मोजतात, हा विषय. मजकूर जवळपास झालाय, पण एका शब्दापाशी चार दिवस अडले आहे, म्हणून तुम्हा सगळ्यांना विचारते.

ग्रीनलंडच्या किनाऱ्यालगत जिथे खडक उघडा आहे, तिथे जीपीएसची पन्नासहून जास्त केंद्रं कायमची बसवलेली आहेत. या जाळ्याला ‘जीनेट’ म्हणतात. हिवाळ्यात बर्फ साचला की खडक थोडा दबतो, उन्हाळ्यात वितळला की वर येतो. शिवाय वर्षागणिक बर्फ कमी होत चाललाय, त्यामुळे एकंदर कल वर येण्याचाच आहे. २०१० च्या उन्हाळ्यात वितळण जास्त झाली, तेव्हा त्या एका वर्षात जमीन नेहमीपेक्षा जास्त वर आल्याचं या केंद्रांवर स्पष्ट दिसलं.

या ‘वर येण्याला’ मराठीत काय म्हणायचं? ‘भूकवच’, ‘प्रावरण’, ‘गाभा’ हे शब्द मुलांना पाठ्यपुस्तकातून माहीत आहेत, त्यांचा प्रश्न नाही. पण ‘भूकवचाचे चलन’ लिहिलं की डोळ्यांपुढे नोटा येतात. ‘विस्थापन’ लिहिलं तर आपल्याकडे तो शब्द धरणाखाली गावं गेलेल्या माणसांचा आहे, खडकासाठी वापरायला माझा हात धजत नाही. ‘उत्थान’ भाषणातलं वाटतं. खाली जाण्यासाठी आपल्याकडे ‘खचणं’ हा किती नेमका शब्द आहे! वर येण्यासाठी तसा एक शब्द हवा. सध्या ‘उचल’ लिहून ठेवलंय. कसा वाटतो?

प्रतिसाद

ताई, मी सांगली भागातला. आमच्याकडे ‘उचल’ म्हणजे कारखान्यानं उसाचा दिलेला पहिला हप्ता. ‘यंदा पहिली उचल किती?’ हे चहाच्या टपरीवरचं रोजचं बोलणं. ऊसतोडीला जाणारी जोडपी मुकादमाकडून घेतात तीही उचलच, आणि ती फेडता फेडता हंगाम जातो. म्हणून शब्द बाद करा असं मी म्हणत नाही. ‘जमिनीची उचल’ असं पूर्ण लिहिलंत तर कुणाचा गोंधळ होणार नाही. नुसतं ‘ग्रीनलंडची उचल’ असं शीर्षक मात्र देऊ नका.

प्रतिसाद

मला ‘उभारी’ सुचतो. दबलेलं पुन्हा वर येतंय हे ‘उचल’मध्ये येत नाही, ‘उभारी धरणं’ म्हटलं की येतं. आजारातून उठलेलं माणूस उभारी धरतं, पहिल्या पावसानंतर सुकलेलं रोप उभारी धरतं. हजारो वर्षं बर्फाखाली दबलेल्या जमिनीला हाच शब्द शोभेल.

प्रतिसाद

मी गेली काही वर्षं उत्तर स्वीडनमध्ये, बोथनियाच्या आखाताजवळ राहते. इथे हा विषय रोजच्या जगण्यातला आहे. इथली जमीन अजून वर्षाला सुमारे ९ मिलिमीटर वर येते आहे. हिमयुगात इथे अडीच-तीन किलोमीटर जाडीचा बर्फ होता. तो जाऊन दहा हजार वर्षं होत आली, तरी खालचं सावरणं संपलेलं नाही. आमच्या दक्षिणेला ‘होगा कुस्तेन’ म्हणजे उंच किनारा आहे. तिथे जुनी समुद्ररेषा आज २८५ मीटर उंचीवर, डोंगराच्या अंगावर दिसते. जुन्या नावघरांसमोर आता गवत आहे आणि पाणी पुढे सरकलंय. समोर फिनलंडलाही दरवर्षी साधारण ७ चौरस किलोमीटर नवी जमीन मिळते.

शब्दचर्चा आहे म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगते. अठराव्या शतकात इथे या घटनेला ‘वात्तुमिन्स्कनिंग’ म्हणत, म्हणजे ‘पाणी कमी होणं’. तापमापकामुळे आपल्याला माहीत असलेल्या सेल्सिअसनं १७३१ मध्ये लोव्हग्रुंड बेटावरच्या एका खडकावर समुद्रपातळीची खूण कोरून घेतली. पुढच्या लोकांना फरक मोजता यावा म्हणून. मोजमाप चोख होतं, पण पाणीच आटतंय असं त्याचं मत होतं. आज शब्द आहे ‘लांडहोयनिंग’, म्हणजे ‘जमीन उंचावणं’. पहिल्या नावातच चुकीचं कारण गोवलेलं होतं. म्हणून म्हणते, तुम्ही जो शब्द घ्याल त्यात कारण गोवायचं असेल तर ते आधी पक्कं करा.

प्रतिसाद

वरच्या ताईंच्या शेवटच्या वाक्यावरून पुढे लिहितो. भूभौतिकीत काम केलंय, म्हणून जरा सविस्तर.

जमीन दोन वेगवेगळ्या कारणांनी वर येते आणि जीपीएसला त्यातला फरक कळत नाही. त्याला फक्त एवढंच समजतं, की अँटेना काल होती त्यापेक्षा आज इतकी वर आहे.

पहिलं कारण खडकाच्या लवचीकपणाचं. गादीवरून उठलं की गादी लगेच वर येते, तसं. आज बर्फ गेला, आज खडक वर आला. खालून काही नवीन आलेलं नसतं, जे होतं तेच जरा सैलावतं. दुसरं कारण प्रावरणाचं. भूकवचावर किलोमीटरभर जाडीचा भार हजारो वर्षं राहिला, की खालचं प्रावरण बाजूला सरकतं. ते घनच असतं, पण फार मोठ्या काळात घट्ट काकवीसारखं वाहतं. या दाटपणाला आपण श्यानता म्हणतो. भार गेला की ते हळूहळू परत आत येतं आणि वरच्या कवचाला उचलून धरतं. स्वीडनमध्ये चाललंय ते हेच. ग्रीनलंडमध्ये आणि अंटार्क्टिकात दोन्ही एकदम चालू आहे.

आता दोन्ही वेगळं कसं काढायचं? इथे गुरुत्व कामी येतं. पृथ्वीच्या केंद्रापासून तुम्ही दूर गेलात की गुरुत्व कमी होतं. नुसती उंची १ मिलिमीटर वाढली, वस्तुमानात काहीच भर नाही, तर ही घट असते सुमारे ०.३१ मायक्रोगॅल (गुरुत्व मोजायचं अगदी बारीक एकक). निर्वात नळीत एक वस्तू पुन्हा पुन्हा सोडायची आणि तिचं पडणं लेसरनं व अणुघड्याळानं मोजायचं, अशी गुरुत्वमापक यंत्रं आहेत. एवढा बारीक फरकही वर्षानुवर्षांच्या मोजण्यांतून त्यांना पकडता येतो. स्कँडिनेव्हियात ती लावली तेव्हा मिलिमीटरमागे घट भरली सुमारे ०.१६, म्हणजे निम्मीच. उरलेली निम्मी कुठे गेली? खालून खडक आत आलाय. त्याच्या वस्तुमानानं ती भरून काढली.

अवकाशातूनही हेच मोजतात. २००२ ते २०१७ ‘ग्रेस’ नावाची उपग्रहांची जोडी फिरत होती, २०१८ पासून तिची पुढची जोडी फिरते आहे. दोन उपग्रह एकामागे एक, मध्ये सुमारे २२० किलोमीटरचं अंतर. खाली जास्त वस्तुमान आलं की पुढचा आधी ओढला जातो, अंतर वाढतं. मग मागचा ओढला जातो, अंतर पुन्हा घटतं. या चढउतारावरून खालचं वस्तुमान काढतात. ग्रीनलंडचा बर्फ वर्षाला सरासरी सुमारे २७० अब्ज टनांनी घटतोय, हा आकडा अशाच मोजमापातून आलेला आहे.

पण ग्रेसला सगळी बेरीज एकत्रच दिसते. बर्फ गेला ती वजाबाकी आणि प्रावरण आत आलं ती भर, दोन्ही एकाच आकड्यात. अंटार्क्टिकात ही भर इतकी मोठी आहे की ती वेगळी न काढता हिशेब केला तर बर्फ आहे त्यापेक्षा कमी वितळतोय असं वाटेल. म्हणून जीपीएस आणि गुरुत्व ही दोन्ही मापं शेजारी ठेवावी लागतात.

तेव्हा ताई, तुम्हाला एक नाही, दोन शब्द हवेत. फक्त ‘जलद’ आणि ‘सावकाश’ अशी विभागणी करू नका. पश्चिम अंटार्क्टिकात अमुंडसेन समुद्राच्या काठी जमीन वर्षाला ४१ मिलिमीटरपर्यंत वर येत असल्याचं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. तिथलं प्रावरण इतकं कमी दाट आहे की ते दशकांत, फार तर शतकांत प्रतिसाद देतं. म्हणजे दुसऱ्या प्रकारचं वर येणंही तिथे वेगानं होतं.

प्रतिसाद

मी परिचारिका आहे, भूगोल दहावीनंतर सुटला. पण दादांचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि एक शब्द मनात आला.

खोल जखम असली की आम्ही वरून टाके घालून ती मिटवत नाही. रोज साफ करून आत पट्टी भरायची आणि वाट पाहायची. जखम तळापासून भरत आली पाहिजे. नुसती वरची कातडी जुळली आणि आत पोकळी राहिली तर ती पुन्हा चिघळते. नातेवाइकांना आम्ही सांगतो, ‘खालून छान भरून येतेय.’ तुमच्या दुसऱ्या प्रकारात नेमकं हेच होतंय ना? खड्डा खालून भरून येतोय. मग ‘जमीन भरून येणं’ का नको?

प्रतिसाद

अंटार्क्टिकातल्या ‘मैत्री’ या भारताच्या संशोधन केंद्रावर एक उन्हाळा काढलाय, म्हणून जीपीएसच्या यंत्राबद्दल थोडं. ‘मैत्री’ शिरमाकर टेकड्यांवर आहे. ती जागा बर्फ नसलेली, उघड्या खडकाची, म्हणूनच अशा मोजणीला सोयीची. खडकात भोक पाडून पोलादी खुंटी घट्ट बसवतात, तिच्यावर अँटेना आणि अँटेनावर घुमटासारखी टोपी. त्या टोपीवर हिम साचलं तर संदेश किंचित उशिरा पोचतो आणि अँटेना वर-खाली झाल्याचा भास होतो. म्हणून नोंदी तपासताना हिमाचे दिवस वेगळे काढतात. दुसरी अडचण आकाशाची. जीपीएसच्या उपग्रहांच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंशांचा कोन करतात, त्यामुळे ध्रुवावरून पाहिलं तर ते कधीच डोक्यावर येत नाहीत, साधारण ४५ अंशांच्या वर चढत नाहीत. उंची मोजायला डोक्यावरचा उपग्रह सर्वांत उपयोगी, आणि नेमका तोच तिथे नाही. म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर कुणी विसंबत नाही, अनेक वर्षांचा कल पाहतात.

‘मैत्री’ला आम्ही आपसात ‘खडक वर आला’ असंच म्हणायचो. मोहिमांची सगळी जुळवाजुळव गोव्याहून, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन केंद्रातून होते. लेखात त्याचा उल्लेख अवश्य करा. हे काम आपल्या शेजारून चालतं, हे मुलांना कळायला हवं.

प्रतिसाद (‘उभारी’वाला)

‘भरून येणं’पुढे मी ‘उभारी’ मागे घेतो. उभारी आतून येते खरी, पण ती कशानं आली ते शब्द सांगत नाही. ‘भरून येणं’ सांगतो. एकच शंका आहे : नाम काय करणार? ‘भराव’ म्हटलं तर रस्त्यावर मुरूम टाकल्यासारखं होईल.

मूळ प्रश्न विचारणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. परिचारिका ताई, तुमचा शब्द वाचला तेव्हा लेखाचा अर्धा गुंता सुटला. लेखात आता असं करते आहे : जीपीएसला दिसतं ते सगळं मिळून ‘उचल’. त्यात दोन वाटे. एक ‘लवचीक उचल’, दुसरा ‘भरीची उचल’. नाम म्हणून ‘भर’ पुरेल असं वाटतं, कारण गुरुत्वमापकाला जे दिसतं ती वस्तुमानात पडलेली भरच आहे. ‘भर पडणं’ मुलांच्या तोंडात आहेच.

कच्चं वाक्य असं झालंय :

‘बोथनियाच्या किनाऱ्यावर जमिनीची उचल वर्षाला सुमारे ९ मिलिमीटर आहे. एवढ्या उचलीनं गुरुत्व जितकं घटायला हवं, त्याच्या निम्मंच घटतं. कारण ही उचल पोकळ नाही. वर येणाऱ्या कवचाखाली प्रावरण भरून येत आहे.’

सेल्सिअसचा खडकही घेते. स्वीडनच्या ताई, ‘पाणी कमी होणं’ हा जुना शब्द चौकटीत वेगळा देईन.

आता एवढंच सांगा : ‘उचलीनं’ बरोबर की ‘उचलेनं’?

प्रतिसाद (सांगलीकर)

उचलीनं. ‘उचलीचे पैसे’, ‘उचलीतून कापले’ असंच म्हणतात. अनेकवचन ‘उचली’. उसाच्या असोत नाहीतर ग्रीनलंडच्या.