चाकोरीत शिरणारी गाडी

प्रश्न: रुंद टायर बसवल्यापासून, अवजड वाहनांनी पाडलेल्या चाकोऱ्यांवर माझी गाडी आपोआप बाजूला ओढली जाते आणि स्टीअरिंग हातात झटके देते, असे का व्हावे?

प्रतिसाद: रुंद टायरची एक कड चाकोरीच्या उतारावर टेकली की भार त्या कडेवर सरकतो, आणि तिथला जोर चाकाच्या वळण्याच्या अक्षापासून लांब पडत असल्याने तो चाकालाच वळवू पाहतो. अशा टायरची बाजू बुटकी (कमी उंचीची) आणि ताठ असली तर ती हा धक्का जिरवत नाही.

प्रतिसाद: सहमत, तरी टायरला दोष देण्याआधी हवेचा दाब आणि अलाइनमेंट (चाकांच्या दिशेची जुळणी) तपासावे, कारण पुढच्या चाकांची पुढची टोके किंचित बाहेर फाकलेली असली तर गाडी सपाट रस्त्यावरही भरकटते.

प्रश्नकर्ता: तपासले, चाके खरोखरच फाकलेली निघाली.